बाजूला बघणारे देव

एका प्रदर्शनात चित्रकथीची, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेची, जुनी पानं काचेमागे लावली होती. शाळेत नुकतीच जायला लागली असेल अशी एक मुलगी आईचं बोट सोडून त्यातल्या एका पानासमोर थांबली. पानावर दोन पुरुष समोरासमोर बसलेले. दोघांच्या डोक्यावर मुकुट, नाकं सरळ आणि टोकदार, डोळे चेहऱ्याच्या मानानं फारच मोठे. अंगावरचे दागिने म्हणजे लाल-हिरवे ठिपके. मागे काहीच नाही, ना झाड ना महाल, नुसता पिवळा पडलेला कोरा कागद. आईनं खालची पाटी वाचून सांगितलं, "हा बघ राम, आणि हा लक्ष्मण." पोरीनं मान तिरकी करून पुन्हा एकदा नीट बघितलं आणि ठणकावून म्हणाली, "हा राम नाहीये. राम असा नसतो." आई हसली, मीही हसले, आणि त्या दोघी पुढच्या दालनात निघून गेल्या.

मला तिथून लवकर हलता येईना. आधी जरासा रागच आला. त्या मुलीचा नाही, तिच्या खात्रीचा. पण मग ध्यानात आलं की तीच खात्री माझ्याही डोक्यात ठाण मांडून बसली आहे. राम म्हटलं की मलाही तोच दिसतो. निळसर, गुळगुळीत हनुवटीचा, ओठांच्या कोपऱ्यात हसू ठेवलेला, एक हात आशीर्वादाला वर केलेला, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघणारा. ग्रंथांनी त्याला श्याम म्हटलं, आजानुबाहू म्हटलं, हे खरं. पण ते हसू? ते कुणी ठरवलं? आपण कधी ठरवायला बसलो नव्हतो. तरी कुणी दुसरा चेहरा पुढे केला की आपण त्या मुलीइतक्याच ठामपणे सांगू, हा नव्हे.

माझ्या आजीच्या देवघरात लक्ष्मीची एक तसबीर होती. कमळावर उभी, चार हात, मागे पाणी, बाजूला हत्ती. तिची साडी मात्र कागदाची नव्हती. म्हणजे खाली छापलेली होतीच, पण कुणीतरी खऱ्या कापडाचा तुकडा बेतून तिच्यावर चिकटवला होता. काठाला जर, गळ्यात बारीक मणी, मुकुटावर टिकल्या. काचेला नाक लावून पाहिलं की जरीच्या कडेनं वाळलेल्या डिंकाची तपकिरी रेघ दिसायची, आणि एका ठिकाणी तर त्या डिंकात कायमची अडकून बसलेली एक मुंगी. चेहरा आणि हात तेवढे उघडे, कागदाचे. मला वाटायचं हे आमच्याच घरातल्या कुणा हौशी बाईचं काम असणार. पुढे कळलं की त्या काळी घरोघर हा उद्योग चालायचा. अशी जर-मण्यांनी सजवलेली छापील चित्रं आता संग्रहालयांत मानानं मांडलेली असतात. आमची मात्र एका घरबदलात कुठे गेली कुणास ठाऊक.

चित्र अर्थात रवी वर्मांचं. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. शिळाछापाचं काम मोठं चिकाटीचं. दगडावर चित्र उलटं उतरवायचं, रंगागणिक दगड वेगळा, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवत जायचं. कागद केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर. अशा चढत गेलेल्या रंगांतून लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांचे जे चेहरे बाहेर पडले ते घराघरांत गेले, काडेपेट्यांवर गेले, कापडाच्या गाठींवरच्या लेबलांवर गेले. चित्रकलेतले जाणकार त्या चेहऱ्यांना नावं ठेवतात. गोड आहेत, नाटकी आहेत, युरोपातल्या तैलचित्रांची उसनवारी आहे. असेलही. मला नावं ठेवताना जीभ जड होते. ज्यांना देवळाची पायरीसुद्धा चढू दिली जात नव्हती त्यांच्या भिंतीवर देव पहिल्यांदा आला तो याच कागदातून. आणि खरं सांगायचं तर सरस्वतीला मी आजही दुसऱ्या कुठल्या रूपात मनात आणूच शकत नाही.

त्या छापखान्यात काही काळ त्र्यंबकेश्वरचे एक गृहस्थ काम करत होते, धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ साली त्यांनी हरिश्चंद्राला पडद्यावर आणलं. बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७ साली फाळक्यांनी लंकादहनाची कथा घेतली तेव्हा याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. एकच माणूस, एकच चेहरा, एकदा राम आणि एकदा सीता. हे वाचल्यापासून मला त्या प्रेक्षकांचं फार कौतुक वाटतं. त्यांच्यात कुणी उठून 'राम असा नसतो' म्हणालं असेल असं वाटत नाही. त्यांच्या मनातले चेहरे अजून घट्ट झाले नव्हते. ते पुढे झाले. १९८७ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा टीव्हीला हार घालणारी, उदबत्ती ओवाळणारी घरं होती. त्यातल्या नटाला पुढे दुसऱ्या भूमिकेत कुणी स्वीकारेना. चेहरा त्याचा राहिलाच नव्हता.

आता पुन्हा त्या पिवळ्या कागदाकडे.

कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाची ही कला. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा तिला आश्रय होता. एका आख्यानाच्या चित्रांचा जो गठ्ठा, त्याला 'पोथी' म्हणतात. पोथी खरी, पण तिच्यात वाचायला काही नाही, सगळी चित्रंच. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, त्यामुळे पान दोन्ही बाजूंनी चालतं. मी पाहिला तो प्रयोग एका अंगणात होता. सांगणारा मांडी घालून बसलेला, गठ्ठा पुढ्यात, एक पान उभं धरलेलं. साथीला वीणा, टाळ, आणि हुडुक नावाचं ते कमरेत बारीक असलेलं चामड्याचं वाद्य, जे दाबलं की आवाज वर सरकतो. आख्यान अहिरावण-महिरावणाचं. युद्ध ऐन रंगात असताना हे दोघे राक्षस राम-लक्ष्मणांना झोपेतच पाताळात पळवून नेतात आणि मारुती त्यांना सोडवून आणतो, ही गोष्ट वाल्मीकींच्या रामायणात शोधून सापडणार नाही. तिथे बसलेल्या कुणालाही त्याची पर्वा नव्हती. रामाचा आवाज संथ, लक्ष्मणाचा चढा, मारुतीचा जरा घोगरा, आणि सगळे एकाच गळ्यातून. बोलणाऱ्याचं बोट चित्रातल्या ज्याच्यावर असेल तो बोलतोय असं धरायचं. संवाद संपला की पान उलटायचं, हुडुक एकदा गुरगुरायचा, की गोष्ट पुढे.

तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पानावरचं कुणीच आपल्याकडे बघत नव्हतं. सगळे चेहरे कडेनं काढलेले. राम लक्ष्मणाकडे बघतोय, रावण सीतेकडे, मारुती आपल्याच मुलाकडे, मगरध्वजाकडे. ते सगळे आपल्या आपल्या भानगडीत गुंतलेले आहेत. कुणाला कुणाचा राग आलाय, कुणी कुणाची समजूत काढतंय, कुणी कुणावर बाण सोडलाय. एवढे मोठाले डोळेसुद्धा त्यासाठीच असावेत, की कोण कुणाकडे बघतंय हे मागच्या रांगेतल्या माणसालाही कळावं. आपण बाजूला बसून त्यांचं चाललेलं बघायचं, शेजाऱ्यांचं भांडण गॅलरीतून बघावं तसं. कॅलेंडरवरच्या देवाला असं दुसरं कुठलंच काम शिल्लक राहिलेलं नसतं. त्याला गोष्टीतून उचलून बाहेर काढलेलं असतं, अंगावरची धूळ झटकून समोर उभं केलेलं असतं, आणि तो आपल्याकडे बघतो. आपणही त्याच्याकडे बघतो. मग हात जोडण्यापलीकडे करण्यासारखं काही उरत नाही.

त्या मुलीचं एका अर्थी बरोबरच होतं म्हणायचं. काचेमागच्या त्या पानावर राम नव्हताच. बोट नव्हतं, हुडुक नव्हता, आवाज नव्हता. गोष्टीविना ते नुसतं एक जुनं चित्र होतं, आणि चित्र म्हणून बघायला गेलं तर तिला सवयीचा असलेला राम कितीतरी देखणा.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय करून चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या असं सगळं जपलं, त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आनंद झाला. त्या आनंदात एक बारीक कुसळ मात्र टोचत राहतं. आता ही चित्रं फ्रेम करून विकली जातात, दिवाणखान्यात लागतात, साड्यांच्या पदरावर येतात. कलाकाराच्या घरात चूल पेटायची तर ते झालंच पाहिजे, त्यात मला काडीचीही शंका नाही. पण फ्रेममध्ये एकच पान मावतं. पुढचं पान उलटायचं कुणी?

(सावंतवाडीवरून आठवलं. तिथली गंजिफा कुणी पाहिली नसेल तर जरूर पाहावी. लाखेची चकाकी असलेले गोल पत्ते, दशावताराच्या खेळात ते एकशेवीस असतात. दहा अवतार, प्रत्येकाची बारा-बारा पानं. आणि खेळाचा नियम असा की दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्या हाती राम त्यानं उतारी करायची, आणि रात्री बसलं तर कृष्ण असेल त्यानं. देवाला मुठीत धरायचं, लपवायचं, वेळ आली की जमिनीवर आपटायचं, आणि तरी कोण दिवसाचा आणि कोण रात्रीचा याचं भान ठेवायचं. आज कुणी रामाच्या चित्राचे पत्ते काढले तर काय काय होईल याची कल्पनाच केलेली बरी.)

असा सैलपणा आपल्याकडे पुष्कळ होता. जुन्या पंचांगांत, पोथ्यांत दशावताराची चित्रं असायची त्यात नवव्या अवताराच्या जागी, जिथे बुद्ध अपेक्षित आहे तिथे, कित्येकदा चक्क विठोबा उभा असायचा. कटेवर कर, विटेवर पाय. कुठल्या पुराणाचा दाखला मागितला तर कुणाला देता आला असता असं वाटत नाही. पण चित्रकाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही त्या जागी तो पटत होता, आणि तेवढं पुरत होतं. आता यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो आणि घातला जातोही. मला त्यातलं एवढंच दिसतं, की गावचा देव विश्वाच्या यादीत बसवायला माणसं कचरत नव्हती.

पण देव आपल्याकडे न बघता आपल्या उद्योगात असला की माणसाला केवढी मोकळीक मिळते, हे पाहायचं तर कोकणातल्या जत्रेला जायला हवं. दशावतार नावाचं लोकनाट्य करणारी मंडळी संध्याकाळी देवळात येतात. गणपतीचा आणि सगळ्या साजाचा पेटारा आधी उतरतो, त्याची पूजा होते. मग देवळाच्याच एका कोपऱ्यात सतरंजीवर बसून जो तो आपापला आरसा हातात घेऊन आपलं तोंड रंगवतो. मी तिथे घुटमळत होते तेव्हा स्त्रीपार्ट करणारे एक गृहस्थ एका हातानं भुवई कोरत होते आणि खांद्याने दाबून धरलेल्या मोबाईलवर घरी कुणाला तरी गाईचं औषध कुठे ठेवलंय ते सांगत होते. अर्ध्या तासानं तेच द्रौपदी होऊन बाहेर आले आणि बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. संहिता लिहिलेली नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठला पार्ट घेणार ते ठरतं, बाकी सगळं उभ्या उभ्या. रंगमंचावर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ, आणि पहाटेच्या सुमारास बाहेर आलेला नट त्याच्यावर टेकतो तेव्हा ते नुसतं बाकडंही असतं.

त्यात सुरुवातीला येतो तो संकासुर. डोक्यापासून पायापर्यंत काळा, लाल जीभ बाहेर लोंबलेली. वेद पळवणारा दैत्य म्हणून त्यानं खरं तर भीती घालायला हवी. तो घालतोही, पहिल्या रांगेतली पोरं किंचाळत आयांच्या मागे दडतात. पण तो तोंड उघडतो तो मालवणीत. भटजींची टिंगल, गावच्या पुढाऱ्याची टिंगल, रस्त्यातल्या खड्ड्यांची टिंगल. देव, राजे, ऋषी सगळे शुद्ध मराठीत, अगदी 'हे प्राणनाथा' थाटात बोलतात आणि राक्षस तेवढा आपल्या घरच्या भाषेत. शेवटी विष्णूच्या हातून तो मरतो, मरायलाच हवा. पण तोवर सगळ्यांत जास्त टाळ्या त्यानं नेलेल्या असतात. माझ्या शेजारी एक म्हातारे बसले होते. मी विचारलं, आज राम कोण करतंय? माझ्याकडे नवखी आहे असं बघत ते म्हणाले, "राम काय, कोणय करतलो. रावण कोण करता तां बघूक येतंव आमी."

हे फक्त कोकणातल्या रसिकांचं वेड म्हणावं तर तसंही नाही. अकोला जिल्ह्यात सांगोळा म्हणून गाव आहे, तिथे रावणाची दहा तोंडांची काळ्या पाषाणातली मूर्ती आहे आणि गाव तिची पूजा करतं. दसऱ्याला बाकी सगळीकडे जो जळतो त्याची तिथे आरती होते. आणि वेरूळचं काय? सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात, कैलासात, दक्षिणेच्या बाजूला खाली रावण कैलास पर्वत उचलतोय. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात कोरलेला. उन्हातून तिथे गेलं की सुरुवातीला काही दिसत नाही, इतका खोल कोरलाय त्याला. मग हळूहळू हात दिसायला लागतात. एक, दोन, मग चक्रासारखे सगळीकडे फुटलेले. वर पर्वत हलल्यामुळे पार्वती शंकराच्या दंडाला घट्ट धरून मागे रेललीय, एक दासी घाबरून पळत सुटलीय. शंकर मात्र निवांत. पायाचा अंगठा तेवढा दाबायचा, की खाली दहातोंड्या दबून अडकणार. गोष्टीतला विजेता वर बसलाय, हे कळतं. पण ज्या कुणी ते कोरलं त्याचा सगळा जीव खालच्या अंधारात अडकलेला आहे, हेही कळतं. जोर लावणारं अंग कोरायला त्याला जेवढी मजा आली असेल तेवढी अंगठा कोरायला खासच आली नसणार.

याच देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत पट्ट्या-पट्ट्यांनी कोरलंय, आणि तिथलेही सगळे एकमेकांत गुंतलेले. भांडतायत, मारामाऱ्या करतायत, विनवण्या करतायत. आत गाभाऱ्यात जावं तर लिंग. त्याला चेहराच नाही. बाहेर हवी तेवढी बडबड ऐकायची आणि आत येऊन गप्प व्हायचं, अशी ती व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. आमच्या पिढीनं बाहेरची भिंत काढून टाकली आणि गाभाऱ्यात हसरा चेहरा बसवला, असं कधी कधी वाटतं. दर वेळी नाही, पण रस्त्यात ट्रकच्या मागच्या फळ्यावर भुवया आक्रसलेला, रागावलेला मारुती दिसला की हमखास वाटतं. द्रोणागिरी उचलून आणताना वाटेत दमलेला, लंकेत शेपटीला आग लागल्यावर मजेत उड्या मारणारा, अशोकवनात झाडावर लपून बसलेला, इतके मारुती असताना आपल्याला आताशा हा एकच का पुरतो?

आणि मग ओव्या. खरं तर या सगळ्याची सुरुवात तिथून करायला हवी होती, कारण जात्यावर बसलेल्या बाईनं राम पाहिलेलाच नव्हता. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर, मध्ये खुंटा, कानांवर घरघर. चित्राला जागाच नाही. तिनं सीता ऐकली ती आईकडून, सासूकडून, आणि पुढे चालवली स्वतःच्या पदरच्या ओळी जोडून. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांना सोबत घेऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यांतल्या रामायणात युद्धाला तशी फारशी किंमत नाही. बाण, रथ, दहा तोंडं यांच्यावरून बायका भरभर पुढे जातात. रेंगाळतात त्या सीतेच्या वनवासापाशी, आणि तोही दुसऱ्या वनवासापाशी, जेव्हा राम बरोबर नव्हता, जेव्हा त्यानंच पाठवलं होतं.

एका प्रसिद्ध ओवीचा भाव असा, की एवढ्या रानात हे कोण रडतंय, ऐका गं, आणि सीतेची समजूत घालायला बोरी-बाभळी बायका होऊन आल्या आहेत. मला ही ओवी वाचली की पहिल्यांदा ती झाडंच दिसतात. बोर आणि बाभूळ. चंदन नाही, अशोक नाही, कदंब नाही. बांधावरची, काटेरी, पाऊस नसला तरी तग धरणारी, शेळ्यांनी ओरबाडलेली झाडं. म्हणजे सीतेचं अरण्य कुठल्या ग्रंथातलं नाहीच, ते गावाच्या शिवेपलीकडचं माळरान आहे. आणि सासरहून हाकललेल्या बाईची समजूत काढायला येणाऱ्या बायकाही तशाच, हात लावला तर ओरखडा उठेल अशा. दुसऱ्या एका ओवीत तर सरळ तोललंय. सीता हिरकणी, राम तिच्या तोलाचा नाही, तो हलक्या दिलाचा. हे म्हणणारी बाई नास्तिक नव्हती. रामनवमीला तिनं पाळणा हलवला असेल, अडीनडीला 'राम राम' म्हटलं असेल. पण राम तिच्या लेखी गोष्टीतला माणूस होता, नात्यातला होता, जावयासारखा. आणि जावई चुकला तर आपल्यातच का होईना, चुकला म्हणायचं असतं.

कॅलेंडरवरच्या रामाला असं काही म्हणता येत नाही. जीभच रेटत नाही. मी करून पाहिलं.

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचं गाव आहे. तिथे सीतेचं देऊळ आहे, आणि त्यात राम नाही. नुसती सीता. गोष्ट अशी सांगतात, की रामानं सोडल्यावर सीता या भागात आली, इथेच लव-कुश झाले. बाळंतीण बाई, अंगात त्राण नाही, म्हणून गावात घरोघर पसाभर गहू मागत फिरली. कुणी दिले नाहीत. तेव्हा ती म्हणाली, तुमच्या गावात गहूच पिकणार नाही. आणि पिकत नव्हता म्हणतात. वाल्मीकींच्या आश्रमातली शांत, सोसणारी, शेवटी भूमीच्या पोटात जाणारी सीता आपल्याला ठाऊक असते. पसाभर गव्हासाठी अपमान झालेली आणि चिडून तळतळाट देणारी सीता या गावानं सांभाळली. त्यातही बघा, गोष्ट गावाच्या विरुद्ध आहे. आपल्या वाडवडिलांनी बाळंतिणीला रिकाम्या हातानं परत पाठवलं, हे गाव स्वतःच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं. स्थळपुराणं साधारण गावाचा मोठेपणा सांगतात, देव इथे विसावला, ऋषींनी इथे तप केलं. लाज जपणारं स्थळपुराण विरळा.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे देऊळ उचलून धरलं, त्याचा जीर्णोद्धार व्हावा म्हणून खटपट केली. माणूस देवभोळा अजिबात नव्हता. वाणिज्य शिकलेला, परदेशात नोकरी करून आलेला, कांद्याच्या भावाचं गणित मांडणारा. १९९० च्या सुमारास त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती' नावाची मोहीम काढली. शेतकऱ्यानं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, जन्मभर तिनं फुकट राबून जे ऋण आपल्यावर चढवलं त्यातून मोकळं व्हायचं. सभांमधून ते सीतेची गोष्ट सांगत. रामासारख्या राजानं बायकोला घराबाहेर काढलं तेव्हा तिला उभं राहायला स्वतःची म्हणून जागा नव्हती, तुमच्या घरातल्या सीतेवर ती वेळ येऊ देऊ नका, अशा धर्तीवर. कितीतरी गावांत शेतकऱ्यांनी खरोखर सातबाऱ्यावर बायकांची नावं लावली.

यावर मी बराच विचार केलाय आणि अजूनही माझं मत एका जागी बसत नाही. कायद्यानं, हक्कानं जे मिळायला हवं ते पुरुषांना गोष्ट सांगून, गहिवर आणून का मिळवायचं, असं एक मन म्हणतं. आणि अशा गहिवराचं आयुष्य किती? पण दुसरं मन म्हणतं, रामभक्तांनी भरलेल्या मैदानात उभं राहून 'रामाचं चुकलं' म्हणता येणं, आणि दगड न खाता उलट कामाला लागलेली माणसं बघायला मिळणं, ही साधी गोष्ट नव्हे. ते जोशींच्या वक्तृत्वानं झालं हे खरं, पण नुसत्या वक्तृत्वानं झालं नाही. ऐकणाऱ्यांच्या कानांवर ते आधीच पडलेलं होतं, आईच्या जात्याखाली झोपेत असताना. त्यांच्यासाठी राम अजून बाजूला वळलेला होता, सीतेकडे बघत होता, किंवा तिच्याकडे बघायचं टाळत होता.

मी रावेरीला अजून गेलेले नाही. जायचंय. आता तिथे गहू होतो म्हणे, संकरित बियाणं आलं तेव्हापासून. मग तो सीतेनं माफ केलं म्हणून होतो, की बियाणं तिला जुमानत नाही म्हणून, यावर तिथल्या बायका काय म्हणतात ते मला ऐकायचंय.